अर्ध्या पंगतीची गाडी

"आक्का, दाळ शिजनी का, का तुनी गाडी आजून टेसनवरच उभी शे?"

"दाळ कवयच शिजनी, आप्पा. आनि गाडी उभी शे ती मनी शे. तुमी ताट ल्या आनि बठा."

"बठतस ना. पन आमी जेवाले येतस का तुना खेळ सरानी वाट देखाले?"

"कोन कोनी वाट देखी राहिनं ते मीबी रोज देखस."

लोटू आप्पा ओट्यावर चपला काढत बोलत होता आणि प्रमिलाबाई आत शेगडीपुढून उत्तर देत होती. मधे भिंत होती, तरी शब्द अडत नव्हते. बाईचा आवाजच तसा. लूमवाल्याचा कान निम्मा मशीनकडेच राहतो, त्यामुळे नवऱ्याशी बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला. नवरा पुढे तापाने गेला, आवाज मागे राहिला.

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत तिची खानावळ होती. दोन खोल्या, पुढे लांबट ओटा, आणि जेवायला सगळी खान्देशी माणसं. कोणी शिरपूरकडचा, कोणी साक्रीचा, कोणी अमळनेरचा. सगळे उधन्याच्या शेडमधे कापडाचे लूम चालवणारे. प्रमिलाबाई स्वतः शिंदखेड्याकडची. नवरा गेला तेव्हा भाऊ तिला न्यायला आला होता. "चाल घर," म्हणाला. तिने त्याला पोटभर जेवू घातलं, वाटेसाठी कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या, उधना स्टेशनपर्यंत सोबत गेली आणि त्याला एकट्यालाच गाडीत बसवून माघारी आली. प्लेगच्या साली सगळी गल्ली गाठोडी डोक्यावर घेऊन गावाकडे पळाली, तेव्हाही हिची शेगडी पेटलेली होती. मागे उरलेल्या चार माणसांना ती म्हणाली होती, "मरनं व्हई ते जेवीसन मरा. उपाशी मरीसन काय जास्तीनं भेटस?" त्या चारांतलं कोणी मेलं नाही. तेव्हापासून लोक तिच्या तोंडाला भीत आणि तिच्या दाळीवर जीव टाकत.

त्या खानावळीत एक रीत होती आणि ती लोटू आप्पाने आणलेली होती. आप्पा सगळ्यांत जुना कारागीर. पांढऱ्या मिशा, गळ्यात माळ, आणि बोलणं असं की जणू अजून गावच्या पारावरच बसलेला आहे. त्याचं म्हणणं एकच. पंगत पूर्ण बसल्याशिवाय कोणी घास तोंडात घालायचा नाही. "सुरतले उनूत म्हनीसन काय ढोरेसनागत खावानं?" असं तो विचारायचा. सगळे ओळीने बसणार, प्रमिलाबाई टोकापासून टोकापर्यंत वाढत जाणार, मग आप्पा हात जोडणार आणि मग घास. बाहेरच्या खानावळींत माणूस येतो, गिळतो, जातो. इथे पंगत बसायची. प्रमिलाबाईलाही त्याचा अभिमान होता. मागच्या आखाजीच्या सणाला आप्पाने तिची तारीफ करताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आक्काची पंगत म्हणजे आपलं गाव. तेव्हा ती दिवसभर टवटवीत होती.

पुढची खोली तिने हेमराजला दिली होती. हेमराज तिच्या नणंदेच्या गावचा, बाप लूमवर, पण पोरगा शिकला आणि दोन जुने कॉम्प्युटर आणून त्याने क्लास काढला. सकाळी टायपिंग, संध्याकाळी हिशेबाचं काम शिकवायचं. दुपारी क्लासला कोणी येत नसे. मग तो एका मशीनवर गेम लावून बसायचा.

एका दुपारी प्रमिलाबाई झाडू घेऊन आत गेली तर काचेवर हिरवा डोंगर, आणि त्यावर बोटाएवढी आगगाडी धापा टाकत चढत होती.

"ही कोठे जाई राहिनी?" तिने विचारलं.

"आपू लाईन टाकशूत तठे जाई, मावशी."

बाई झाडू टेकवून उभी राहिली. आजवर तिने गाडी फक्त पकडली होती. पहाटे पकडली, धावत पकडली, लेकुरवाळ्या बायांना कोपराने ढकलून पकडली. रूळ कुठून कुठे न्यावेत, हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"सरक," ती म्हणाली.

हेमराज सरकला. तेव्हापासून दुपारची भांडी आवरली, रातपाळीची माणसं पंख्याखाली घोरत पडली की प्रमिलाबाई तिथे बसायची. पडदा खिळ्याला बांधलेला, दार उघडं. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे.

शिकवायला हेमराज बरा होता. तो निम्मं आपलं, निम्मं गुजराती-हिंदी बोलायचा, पण गेमच्या बाबतीत त्याचं डोकं साफ होतं. पहिल्याच फटक्याला दोन मोठी शहरं जोडायला जायचं नाही, म्हणाला. लांबची लाईन टाकता टाकता पैसा संपून जातो. आधी कोळशाची खाण आणि जवळचा कारखाना एवढंच जोडायचं. ती गाडी नीट पळू लागली की पुढचं. प्रमिलाबाईला हे लगेच पटलं. तिनेही खानावळ सुरू केली तेव्हा आधी दोनच माणसांना जेवू घातलं होतं.

डोंगराचं मात्र तिला पटलं नाही. तिच्या गावाहून स्टेशनची पायवाट सरळ टेकडीवरून जात असे, म्हणून तिनेही रूळ सरळ टेकडीवरून नेले. इंजिन अर्ध्या चढावर मुंगीसारखं चालू लागलं. हेमराज हसला. "मावशी, माणूस चढस तशी गाडी नही चढत. वळसा घाल. रूळ जास्ती लागतीन, पन गाडी दमाव नही." तिने दोन दिवस ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी गपचूप वळसा घातला आणि आपल्याच डोक्याने घातल्यासारखं तोंड करून बसली.

परतीची गाडी रिकामी आणायची नाही, हेही तो सांगायचा. कोळसा नेऊन टाकला, तर येताना त्याच बाजूचा दुसरा काही माल भरायला शोधायचा. इंजिन जुनं झालं की ते मधेच बंद पडायची वाट बघायची नाही, आधीच बदलायचं. हे सगळं बाईने पदरात बांधून घेतलं. स्टेशनांना ती आपलीच नावं द्यायची. हे उधना, हे नंदुरबार, हे दोंडाईचा. हेमराज ती टाईप करून द्यायचा. काचेवर दोंडाईच्याच्या शेजारी समुद्र होता, पण तिने त्याला हरकत घेतली नाही.

एकाच गोष्टीवर दोघांचं वाजायचं. गाडीला हुकूम द्यायची एक खिडकी उघडायची. त्यात एक हुकूम होता, की पूर्ण भरल्याशिवाय स्टेशन सोडायचं नाही. प्रमिलाबाईने तो आपल्या प्रत्येक गाडीला देऊन ठेवला होता.

"सगळ्या गाड्यांना नको देऊस," हेमराज सांगायचा. "लाईन एक, गाड्या पाच. पहिली उभी राहिली का मागच्या सगळ्या लटकतीन. नहीतर बाजूले लूप टाक, थांबणारी गाडी तिकडे जाई, बाकीच्या निघी जातीन."

"अर्धी गाडी सोडू?"

"सोड ना."

"रिकामी ताटं मांडीसन पंगत उठाडानं शिकाडस का माले?"

"हाई पंगत नही शे मावशी, रेल्वे शे."

"सारखंच शे," म्हणून ती तोंड फिरवायची. तिच्या गाड्या भरायची वाट बघत उभ्या राहायच्या, मागे दुसऱ्या गाड्या उभ्या राहायच्या, आणि तिकडे कारखान्यात कोळसा नाही म्हणून काम बंद. हेमराज कपाळावर हात मारायचा. तिला वाटायचं, मशीनच हळू आहे.

हे असं चाललेलं असताना धुडकूचं प्रकरण झालं.

धुडकू साक्रीकडचा, नवाच लागलेला, अंगाने काटकुळा. त्याची रातपाळी सातला. लोटू आप्पाचीही रातपाळीच, पण आप्पाच्या शेडमधे पाळी आठला बदलायची. म्हणजे धुडकूसारख्यांना घाई आणि आप्पाला निवांत. आप्पा झोपून उठणार, नळावर नंबर लावून अंघोळ करणार, उदबत्ती लावणार, मिशा नीट करणार आणि मग पंगतीला येणार. तोवर सगळे ताटं पुढ्यात घेऊन बसलेले. दाळ शिजून गार होत आलेली. कोणी आप्पाला बोलायचं नाही.

त्या संध्याकाळी आप्पाला नळावर जास्त वेळ लागला. धुडकू जेवून धावत उधन्याला पोचला, तोवर शेडच्या मास्टरने त्याचे लूम बदलीवाल्याला दिलेले होते. "लेट आयेगा तो मशीन तेरे वास्ते खडा रहेगा क्या?" एवढंच ऐकून तो परत आला. पुढच्या दिवशीही त्याला दारातच उभं केलं.

गल्लीत बोलणं सुरू झालं. आणि बोलणाऱ्यांना कारण सोपं सापडलं. आक्का दुपारभर त्या मशीनपुढे बसते, तिचं शेगडीकडे लक्ष नाही, म्हणून जेवण उशिरा होतं. दाळ तर कधीचीच शिजलेली होती, हे धुडकूलाही माहीत होतं. पण त्यानेही मान खाली घातली. आप्पाचं नाव घेण्यापेक्षा कॉम्प्युटरचं नाव घेणं सोयीचं होतं.

दोन दिवसांनी आप्पा चार माणसं मागे घेऊन ओट्यावर बसला. ताट मागितलं नाही. म्हणजे बैठक होती.

"आक्का," तो म्हणाला, "आमनं एकच म्हननं शे. ते खटारं भायेर काढ. हेमराजले सांग, दुसरी खोली देख."

"आनि नही काढं ते?"

"रविवारलगून वाट देखतस. मंग आमी सगळा मागली गल्लीमा जासूत जेवाले. तठेबी खानावळ शे."

सगळे गेले तर शेगडी कोणासाठी पेटवायची, हे प्रमिलाबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन खोल्या, ओटा, तवा, परात, आणि सुरतेत राहायला असलेलं एकमेव कारण, सगळं त्या पंगतीवर उभं होतं.

"कारन सांगा," ती म्हणाली.

आप्पाने मिशीवरून हात फिरवला. "कारन म्हंजे... जेवन लेट व्हस. आनि बाई मानूस, दुपारना येळे, तरना पोऱ्यासंगे बठी राहस. लोके बोलतस. आमी नही बोलत, लोके बोलतस."

"लोके म्हंजे कोन? त्यासले अठे धाडा," प्रमिलाबाई म्हणाली. तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असणार, कारण तिकडच्या एका बाईने खिडकीतून डोकं काढलं. "दरवाजा उघडा शे. पडदा खिळाले बांधेल शे. जेले देखनं व्हई तेनी येवानं, देखानं, दोन भाकरी खावान्या. पन दुपारले मी तठेच बठसू. आज बठसू, सकाय बठसू, रविवारलेबी बठसू."

"म्हंजे आमले जावा म्हनस."

"मी काहीच म्हनत नही. ताट लेतस का?"

त्यांनी ताट घेतलं. राग वेगळा, भूक वेगळी. पंगत बसली, आप्पाने हात जोडले, पण त्या जेवणात कोणी ठेचा परत मागितला नाही.

हेमराजने दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं, की मी खोली बघतो, मावशी, माझ्यामुळे तुला लोचा नको. ती त्याच्यावर उखडली. "तू मनी खोलीना मालक शे का? मी सांगसू तवय जाशी. गप बठ आनि मशीन चालू कर."

दुपारी ती बसली ती दात खाऊनच. गेम कालच्याच ठिकाणी होता. उधना स्टेशनात पहिली गाडी उभी, सगळे डबे भरलेले, शेवटचा एक डबा रिकामा. तिच्या मागे कोळशाची गाडी. तिच्या मागे तिसरी. तिसरीचं शेपूट बोगद्यात अडकलेलं. पलीकडे कारखान्याची धुराडी गार पडलेली. सगळी लाईन त्या एका डब्यासाठी उभी.

"भर ना वं बाई," ती गाडीला म्हणाली. डबा काही भरेना. माल यायचा तेव्हा येणार. कोळशाची गाडी मागे ठासून भरलेली, निघायला तयार, आणि हिच्यापायी अडकलेली. तिला एकदम त्या कोळशाच्या गाडीची कीव आली. ती बिचारी कधीची येऊन उभी आहे. तिने काय केलं?

प्रमिलाबाईचा हात माऊसवर तसाच राहिला. उघड्या दारातून ओटा दिसत होता. सकाळची घासलेली ताटं एकावर एक उपडी घातलेली होती. ज्या जागी धुडकू बसायचा ती जागा दाराच्या अगदी समोर. रोज तो सगळ्यांच्या आधी येऊन तिथे बसायचा, ताटाच्या कडेवर बोटं वाजवायचा आणि नळाकडे बघत राहायचा.

तिने हुकमाची खिडकी उघडली. भरल्याशिवाय सुटायचं नाही, हा हुकूम पुसून टाकला. एका गाडीचा, दुसरीचा, सगळ्यांचा. पहिली गाडी शिट्टी देऊन निघाली, एक डबा रिकामाच घेऊन. मागची निघाली. तिसरी बोगद्यातून बाहेर आली. थोड्या वेळाने कारखान्याच्या धुराडीतून धूर आला.

"अय मावशी," मागून हेमराज म्हणाला. तो भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभा होता. "आते कसं सुचनं?"

ती उत्तर देणार तेवढ्यात लाईट गेली. काच काळी झाली. गल्लीच्या टोकाला असलेल्या छोट्या शेडमधले लूम एकदम थांबले आणि सगळ्या मोहल्ल्यात शांतता पसरली, इतकी की घोरणारी दोन माणसं त्या शांततेनेच जागी झाली.

"सेव्ह करेल व्हतं का?" हेमराजने विचारलं.

"नही."

"मंग सगळं गयं."

"जाऊ दे," प्रमिलाबाई उठत म्हणाली. "माले समजनं तेवढं बस शे."

रविवारी सुट्टी नसलेल्यांचीच पंगत असायची, तरी त्या संध्याकाळी सुट्टीवालेही आले. काय होतंय ते बघायला. धुडकू सगळ्यांत आधी. त्याला पुन्हा कामावर घेतलं होतं, पण मास्टरने बजावलं होतं, की आणखी एकदा उशीर झाला तर तोंड दाखवू नको.

तो बसला न बसला तोच प्रमिलाबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यात दाळ ओतली, भाकरी टाकली, कांदा ठेवला.

"खाय," ती म्हणाली.

धुडकूने इकडेतिकडे पाहिलं. "आप्पा?"

"आप्पा येतीन तवय येतीन. तू खाय."

त्याचा हात ताटावर गेला आणि तिथेच थबकला. बाजूचे सगळे त्याच्याकडे बघत होते. पोटात भूक, पाळीची वेळ जवळ आलेली, तरी एकट्याने घास घालायला त्याची जीभ तयार होईना. जन्मात पहिल्यांदा तो पंगतीत एकटा जेवणार होता. प्रमिलाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि उठलीच नाही. शेवटी त्याने मान खाली घालून पहिला घास घेतला, आणि मग दुसरा तिसरा भराभर, कोणी ओढून नेईल असा.

आप्पा आला तेव्हा धुडकू हात धूत होता.

"हाई काय?" आप्पाने विचारलं.

"आजपासून जो येई तो बठी आनि जेवी," प्रमिलाबाई म्हणाली. "जेले पाळी शे तेनी पहिले. वाट देखानी नही."

"पंगत मोडशी?"

"मोडसू."

"गावनी रीत शे ती, आक्का."

"व्हय. गावले पंगत लांबनी ते वावर कोठे पळी जास नही. अठे लूम दुसराले देतस. धुडकूना दिल्हात."

"ते तुना खेळपायी दिल्हात."

प्रमिलाबाई उठून उभी राहिली. "खेळपायी नही. दाळ शिजेल व्हती, भाकर करेल व्हती, ताटं मांडेल व्हतात. सगळा तुमनी वाट देखी राहिनात, आप्पा. तुमी नळवर व्हतात."

आप्पाने एकेकाकडे पाहिलं. कोणी ताटाकडे, कोणी छपराकडे बघत होतं. धुडकूने ओले हात पँटला पुसले आणि सायकल काढली. त्याला उशीर झालेला नव्हता, तरी तो घाईनेच गेला.

"इतला दिस कोनी बोलनं नही," आप्पा हळू आवाजात म्हणाला.

"मीबी नही बोलनू. मनीबी चूक शे. आते बोलनू."

आप्पाने चपला घातल्या. "चाला रे," म्हणाला. त्याच्या मागे पाच-सहा जण उठले. दोघांनी जाताना ताटाकडे वळून पाहिलं, पण गेले. बाकीचे बसून राहिले. त्यांना जेवायचं होतं की पंगत मोडल्याचं बरं वाटलं होतं, हे प्रमिलाबाईने विचारलं नाही. तिने वाढलं. राहिलेली दाळ बरीच होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणी देऊन पुन्हा वाढली आणि कोणी कुरकुरलं तर त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

सोमवारी दुपारी ती मशीनपुढे बसली. नवा नकाशा, नवे डोंगर. आधी खाण आणि कारखाना. डोंगराला पहिल्यापासूनच वळसा. स्टेशनजवळ बाजूला लूप, ज्याला थांबायचं त्याने तिकडे जाऊन थांबावं. हेमराज बघत होता. बोलायला तिने जागा ठेवली नव्हती. जेवायला येणारी माणसं कमी झाली होती, हे दोघांनाही दिसत होतं. खोलीचा विषय त्याने काढला नाही.

बुधवारी संध्याकाळी धुडकू जेवून गेला, त्याच्या मागचे जेवून गेले, तेव्हा ओट्याच्या पायरीवर सावली पडली. लोटू आप्पा एकटाच होता. अंघोळ झालेली, मिशा नीट, उदबत्तीचा वास.

"मागली गल्लीना लोके दाळमा गूळ टाकतस," तो म्हणाला. भिंतीकडे बघत.

प्रमिलाबाई आत पिठाचा गोळा थापत होती. "मंग?"

"गोड लागस. जेवन नही वाटत."

"व्हई."

आप्पा ओट्यावर उभाच राहिला. ओटा रिकामा होता. शेवटच्या ताटाच्या पाण्याचे ओले डाग अजून वाळायचे होते. तो बहुधा कोणी येईल, शेजारी बसेल, ओळ होईल म्हणून थांबला होता. गल्लीत कोणी येताना दिसत नव्हतं.

"एकलानं बठानं का?" त्याने विचारलं.

"भूक लागनी व्हई ते बठा," आतून आवाज आला. "नही ते उभा राहा. तवा तापेल शे, माले टाईम नही."

बाईने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात तिच्यावरून फिरवला आणि परातीतला पुढचा गोळा उचलला.